खारला उतरलो, वाकोल्यात खार खाल्ला

रविवार, दिनांक १६ जानेवारी १९५५. सकाळी साडेआठ वाजता मी मुलुंडचे घर सोडले.

प्रवास म्हणावा इतका तो लांबचा नव्हता. उपनगरांतच फिरून दिवेलागणीला मी परत आलो. तरी लिहून काढतो आहे, याचे कारण असे की आसामचे जेवण मुंबईत कोठे मिळते अशी पृच्छा आमच्या वाचनालयातील दोघातिघांनी मजकडे केली आणि तिचे उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नाही. हॉटेलांत ते मिळत नाही. उडपी, इराणी, गुजराथी, मोगलाई, जे मागाल ते या शहरात मिळते. आसामी मिळत नाही. मला ते मिळाले माझ्या धाकट्या भावाच्या घरी, आणि त्या घरी मी त्या दिवसापर्यंत कधी जेवलो नव्हतो.

का जेवलो नव्हतो, ते आधी सांगितले पाहिजे. दत्तू माझ्याहून बराच लहान. वडील लवकर गेल्यामुळे त्याला मीच वाढवला. कंपाउंडरची परीक्षा देऊन तो आसामात, जोरहाटजवळच्या एका चहामळ्यावरील इस्पितळात नोकरीस लागला. चिपळुणास एका घरी त्याच्याकरिता मी शब्द देऊन ठेवला होता. मुहूर्त पाहण्यापर्यंत गोष्ट आली, तेव्हा त्याच्याकडून कळले की लग्न झाले आहे आणि मुलगी तिकडचीच आहे. चिपळुणास जाऊन त्या दुसऱ्या मुलीच्या वडिलांसमोर उभे राहण्याचे काम माझ्याकडे आले. ते मी केले. परत आल्यावर एवढेच बोललो, की दत्तूच्या घरी मी पाटावर बसणार नाही. बोललेले पाळण्याची मला सवय आहे.

पुढे पुष्कळ वर्षांनी दत्तू मुंबईस आला. औषधांच्या एका कारखान्यात नोकरी धरून त्याने वाकोल्यास खोली घेतली. सणावारी तो आमच्याकडे येई, जेवून जाई. त्याची बायको हेमप्रभाही येई. पण ती हनुवटीपर्यंत पदर ओढून सरळ स्वयंपाकघरात जाई, आणि निघेपर्यंत माझ्यासमोर येत नसे की एक शब्द बोलत नसे. मी तो ताठा समजत होतो.

आता ही दोघे कायमची आसामास परत निघाली होती. तिची आई तिकडे एकटी होती. मंगळवारची गाडी होती. माझे वय पाहता पुन्हा भेट होणे कठीण, हे दत्तूला ठाऊक होते आणि मलाही. एकदा तरी दादाने आपल्या घरी जेवावे, असा निरोप त्या घरून आला. तो आणला गणूने. गणू आमचा मावसभाऊ; घाटकोपरला राहतो आणि दोन्ही घरी जेवतो.

“वहिनीचा निरोप आहे,” तो दारातूनच म्हणाला. “रविवारी दुपारी, खार, जेवायला. आलंच पाहिजे म्हणाली.”

“खार? ते तर वाकोल्याला राहतात.”

“राहत होते. मंगळवारी जायचंय म्हटल्यावर खोली सोडली असेल. उतरले असतील कुणाकडे.”

“कुणाकडे?”

“ते नाही विचारलं. पण खार म्हणाली, दोनदा म्हणाली. तिचं मराठी म्हणजे शब्द मोजके, पण पक्के.”

“आणि पत्ता?”

“दादा, खारमध्ये आसामी असून असून किती असणार रे? स्टेशनबाहेर विचार, कुणीही सांगेल.”

माझे आयुष्य सरकारी मोजणी खात्यात गेले. अनोळखी मुलखात पत्ता शोधणे हा माझा धंदाच होता. गणूचा तर्क मला त्या वेळी पटला, हे येथे नमूद करतो.

निघताना आमच्या मंडळींनी एक कागदी पुडी पुढे केली. संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते.

“अहो, तिळगूळ घ्या.”

“दत्तू आता लहान नाही.”

“तुम्हाला गोड बोलता येत नाही, ते मला ठाऊक आहे. म्हणून तर पुडी देतेय. बोलायचं काही नाही, नुसती हातात द्यायची. परत आणलीत तर मात्र कारण सांगावं लागेल.”

पुडी मी कोटाच्या खिशात टाकली. दादरला पूल ओलांडून पश्चिमेची गाडी धरली. रविवार असल्याने बसायला मिळाले. याहून अधिक त्या गाडीविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

खार ही वस्ती मोजणीवाल्याला समाधान वाटावे अशी आहे. पश्चिमेला रस्ते आखून घेतलेले, एकमेकांना काटकोनात मिळणारे. दोन्ही बाजूंना झाडे आणि गॅलऱ्यांची दुमजली घरे. येथे माणूस सापडला नाही तर दोष शोधणाऱ्याचा, असे मी मनाशी म्हटले. कोपऱ्यावर किराणा मालाचे दुकान होते. दुकानदार गादीवर बसून वर्तमानपत्र वाचत होता.

“आसामवाले कोई रहते हैं इधर?” मी विचारले.

“आसाम पाहिजे? आहे ना. खुल्ला देऊ का डब्बा?”

तो चहाविषयी बोलत होता. मी माणसे विचारतो आहे असे त्यास सांगितले.

“माणसं नाय ठेवत, काका,” तो वर्तमानपत्राचे पान उलटीत म्हणाला. “चाय पायजे तर बोला.”

पुढच्या पानवाल्याने जरा विचार केला आणि एका पिवळ्या घराकडे बोट दाखवले. “वो बंगाली बाबू है ना, वोही होगा.” बंगाली आणि आसामी यांत फरक आहे असे मी म्हणालो. “होगा,” तो म्हणाला, “पण मासे दोघंबी खातात.”

पिवळ्या घराच्या गॅलरीत एक वृद्ध गृहस्थ आरामखुर्चीत बसले होते. उन्हाने मला घाम आला होता. त्यांच्या गळ्याशी लोकरी मफलर होता. मी जिना चढून गेलो, नमस्कार केला आणि येण्याचे कारण सांगितले.

“आसामी? ना,” ते म्हणाले. “हम बंगाली. बंबई का लोग सबको बंगाली बोलता है. आपको बुलाया कौन?”

“छोटे भाई की पत्नी ने.”

“क्या बोला? ठीक-ठीक बोलिए.”

“रविवार, दोपहर, खार, खाना.”

त्यांनी चष्मा काढला. आतल्या दिशेने बंगालीत काहीतरी म्हणाले. त्यांच्या पत्नी दाराशी आल्या, त्यांनी ते ऐकले आणि पदर तोंडाशी धरून तशाच आत गेल्या. आतून हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

“दादा,” बाबू म्हणाले, “आपको खार आने को नहीं बोला. खार खाने को बोला.”

मराठीत खार म्हणजे झाडावर चढणारा एक प्राणी. माझ्या चेहऱ्यावर जे दिसले असेल त्यावरून त्यांनी घाईने पुढे सांगितले. तरुणपणी त्यांची नोकरी गौहाटीस झाली होती. खार हा आसामी जेवणातला पहिला पदार्थ. केळ्याच्या साली वाळवायच्या, जाळायच्या, राखेवर पाणी ओतून ते गाळून घ्यायचे आणि त्या पाण्यात भाजी शिजवायची.

“राख का पानी?” मी विचारले.

“राख का पानी. बहुत बढ़िया.” मग ते थोडे पुढे वाकले. “एक बात सुनिए. मेहमान आता है तो वो लोग मछली देता है, मांस देता है. खार मेहमान को नहीं देता. खार घर का आदमी को देता है.”

त्यांनी चहा घेतल्याशिवाय जाऊ दिले नाही. तो आसामचाच होता, हे त्यांनी दोनदा सांगितले.

मी पुन्हा स्टेशनापाशी आलो. परत फिरायला सबब आयती मिळाली होती. बोलावले खारला, गेलो खारला, तेथे कोणी नव्हते. यात खोटे काहीच नव्हते. दत्तूनेही ते मानले असते. मंगळवारी तो गेला असता, आणि मी बोललेले मोडले नसते. पुलाच्या पायऱ्यांशी मी काही वेळ उभा राहिलो. मग खिशात हात गेला आणि पुडी लागली. ती परत नेणे म्हणजे मंडळींना उत्तर देणे आले. मी पुलावर न चढता सांताक्रूझकडे चालू लागलो.

सांताक्रूझला रूळ ओलांडून पूर्वेला आले की गाव बदलते. शहर संपून शेते लागतात. भात कापून झाले होते, नुसते खुंट उभे होते. म्हशींचा एक तबेला, त्याच्या पुढे कौलारू घरे, एका वळणावर झेंडूची माळ घातलेला ख्रिस्ती लोकांचा क्रूस. विमानतळ जवळ असल्याने मध्येच एक विमान पोट दिसेल इतक्या खालून गेले. म्हशींनी मान वर केली नाही, मी केली. रस्त्याला चढउतार नाही, पण धूळ पुष्कळ आहे. जाणाऱ्याने जुन्या वहाणा घालाव्यात.

वाकोल्याच्या विहिरीवर एक बाई पाणी भरत होती. तिला मी दत्तूचे नाव सांगून चाळ विचारली.

“ती राख करणारी बाई ना?” ती म्हणाली. “सरळ जावा, शेवटचं दार. आठवडाभर केळ्याची सालं जाळतेय. अख्ख्या चाळीतनं सालं गोळा केली. आमच्या पोरांना सांगितलं, केळं तुमचं, साल माझं. धुरानं डोळे गेले आमचे. कोण मोठा माणूस येणार आहे म्हणे जेवायला.”

मी वहाणांची धूळ झटकून पुढे निघालो.

शेवटच्या दारात दत्तू उभा होता. अंगात बंडी, कपाळाला आठ्या.

“दादा, जेवण गार होऊन पुन्हा गरम झालं. होतास कुठे?”

“खारला.”

“खारला काय होतं?”

“ते मी तुला विचारणार होतो.”

गणूचा निरोप मी त्याला शब्दशः सांगितला. दत्तू उंबऱ्यावरच बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. “साऱ्या कुलाबा जिल्ह्याची मोजणी केली या माणसानं,” तो आत पाहून म्हणाला, “आणि जेवायला निघाला तर स्टेशन चुकला.” आत एक पडदा होता. त्याच्यामागेही कोणी हसले आणि लगेच थांबले.

खोली एकच, पण मोठी. वळकट्या बांधून झाल्या होत्या, ट्रंका भिंतीशी लावल्या होत्या. मागच्या अंगाला चूल, आणि मध्ये तो पडदा. पाट दोनच मांडले होते. एका पाटासमोर काशाचे ताट व पाय असलेली काशाची वाटी होती, दुसऱ्यासमोर साधे पितळेचे ताट. काशाच्या ताटाकडे दत्तूने हात केला. मी हातपाय धुतले आणि पाटावर बसलो. दत्तूने माझ्याकडे पाहिले नाही. तो वाढायला उभा राहिला. पडद्यातून एक हात बाहेर येई, त्यातले भांडे तो घेई आणि मला वाढी.

पडद्यामागून हळू आवाजात काही विचारले गेले.

“ती विचारते, दादा खार खाणार ना?” दत्तू म्हणाला.

“खाईन म्हणावे.”

“मी तिला सांगितलंय, दादा कधीपासून खार खातोच आहे. चिपळूणपासून.”

दत्तूने ते थट्टेने म्हटले होते; पण थट्टा तोंडातून गेल्यावर त्याचा त्यालाच धक्का बसला असावा. भांडे हातात धरून तो तसाच उभा राहिला. तेवढ्यात पडद्यामागून, या वेळी स्वच्छ मराठीत, प्रश्न आला:

“चिपळूणला पण खार करतात?”

तिला कोणाच्यातरी मनातील अढीविषयी हे चालले आहे याची कल्पना नव्हती. ती पदार्थाविषयीच विचारत होती. मला ठसका लागला. ते हसू होते असे दत्तूचे म्हणणे आहे.

“करतात,” मी पडद्याकडे पाहून म्हणालो. “पण इतका जुना झाल्यावर खाण्यासारखा राहत नाही.”

मग दत्तूने वाढले. आधी जोहा भात (बारीक, सुवासिक तांदूळ, आपल्या आंबेमोहोरासारखा). त्यावर खार. दिसायला ती कच्च्या पपईची मऊ, फिकट भाजी होती, वरून कच्चे मोहरीचे तेल सोडलेले. तेल प्रथम नाकाला लागते. मग जिभेवर मऊ, किंचित साबणासारखी काहीतरी चव येते, आणि ती ओळखीची आहे असे वाटून माणूस थांबतो. मी थांबलो. ती पापडखाराची चव होती. उडदाच्या पापडाचे पीठ तिंबून आई लाट्या करून ठेवी आणि तेल लावलेल्या त्या कच्च्या लाट्या मुले पळवीत. दत्तू चालू लागला नव्हता, तेव्हा त्याच्या वाटणीच्या मीच पळवून आणीत असे.

“लाटी,” मी म्हणालो.

“मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मळ्यावर हेच म्हणालो होतो,” दत्तू म्हणाला. “कुणाला कळलं नाही.”

खारानंतर बटाट्याचे पिटिका आले (भरीत, कांदा, हिरवी मिरची, मोहरीचे तेल घालून हाताने कालवलेले). मग खोरिसा (किसून आंबवलेले बांबूचे कोंब). त्याचा वास उग्र आहे. प्रथम खाणाऱ्याने श्वास रोखून घास घ्यावा, दुसऱ्या घासाला त्याची गरज राहत नाही. शेवटी मासोर टेंगा (माशाचे आंबट कालवण). आसामी जेवण खाराने उघडते आणि टेंग्याने मिटते. ते नदीच्या माशाचे करतात. येथे रावस होता. रसा पातळ, खोबरे नाही, मसाला जवळजवळ नाही, आणि आंबटपणा स्वच्छ. पुन्हा ओळखीचा. तिकडे त्याला थेकेरा म्हणतात, दत्तूने सांगितले. आपल्या कोकमाच्या जातीचे फळ, कापून वाळवलेले.

“हे थेकेरा तिकडून आणले काय?”

“संपलं ते. ही आमसुलंच आहेत.”

“बाजारातली वाटत नाहीत.”

“मुलुंडची आहेत,” दत्तू पानाकडे पाहत म्हणाला. “वहिनी पाठवते, गणूबरोबर. दर वर्षी.”

हे मला त्या दिवशी कळले. मी आणखी भात मागितला.

पानावर असतानाच मी विचारले, “ती समोर का येत नाही? आमच्याकडेही आली नाही कधी.”

दत्तूला आश्चर्य वाटले. “तुला ठाऊक नाही? तू तिचा बरजना (मोठा दीर). तिकडं धाकट्याच्या बायकोनं बरजनासमोर यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या सावलीवर पाय द्यायचा नाही. वडिलांपेक्षा जास्त मान असतो तो. तुझ्याकडे आली की परत येईपर्यंत तिच्या जिवाला घोर, चुकून तुझ्यासमोर जाते की काय म्हणून.”

“मला कोणी सांगितले नाही.”

“तू विचारलं नाहीस, दादा.”

गोड म्हणून तीळपिठा होता (तांदळाच्या पिठाच्या पातळ पापुद्र्याची सुरळी, आत तीळ आणि गूळ). संक्रांतीच्या सुमारास त्यांचाही बिहू नावाचा सण असतो आणि त्यात हाच पदार्थ घरोघर होतो. सुरळी तोडली तेव्हा मला पुडी आठवली. पाटावरून उठून, हात धुऊन ती मी खिशातून काढली आणि दत्तूच्या हातात दिली. उन्हातून चालल्याने गूळ पाघळून कागदाला चिकटला होता.

“देताना काहीतरी म्हणायचं असतं,” दत्तू म्हणाला.

“तुला ठाऊक आहे ना काय ते? मग झाले.”

त्याने कागदासकट एक तुकडा तोडून तोंडात टाकला.

जेवणानंतर वाचकांसाठी म्हणून मी त्यास विचारून घेतले, की आसामात जाणाऱ्याने हे पदार्थ कोठे खावेत. तो म्हणाला, गाडी आमिनगावला थांबते, तेथे उतरून बोटीने ब्रह्मपुत्र ओलांडावी लागते. पलीकडे पांडूच्या घाटावर टेंगा आणि भात मिळतो आणि भुकेल्या माणसाला तो कोठल्याही मेजवानीपेक्षा गोड लागतो. सकाळी जोरहाटच्या बाजूला जलपान मागावे: दही, पोहे आणि गूळ, कोकणच्या माणसाला तेथे परके वाटणार नाही. खार मात्र हॉटेलात मागू नये. तो घरी खावा. घर ओळखीचे नसेल तर ओळख होईपर्यंत थांबावे. दत्तूने हे इतके सरळ सांगितले की त्यात मला उद्देशून काही होते की नाही, ते कळले नाही.

मग पडद्याखालून पाय असलेले एक काशाचे तबक पुढे सरकवले गेले. त्यात पान, चुना आणि तामूल (ओली सुपारी) होती, आणि शेजारी लाल काठाचे पांढरे सुती वस्त्र घडी करून ठेवलेले. आमच्या कोकणात घरामागे पोफळी असतात. सुपारी मला कोणी शिकवावी असे नाही. दत्तू म्हणाला, “जपून. ही पुरून मुरवलेली असते. चतकोरच घे.” मी अर्धी घेतली.

प्रथम काही झाले नाही. मग कान तापले. छातीत धडधड सुरू झाली, कपाळावर घाम फुटला, ट्रंका आणि भिंत किंचित हलू लागल्या. कोणी हसण्यापूर्वी तोंड कोरडे करावे म्हणून हाताला जे आले ते मी उचलले आणि तोंड, मान, कपाळ चांगले खसखसून पुसले. ते तबकातले वस्त्र होते.

दत्तू कळवळून म्हणाला, “दादा, ते पुसायचं नव्हतं. गामोसा आहे तो. मानाचा. तिनं स्वतः विणलाय, तुझ्यासाठी. मी तो तुझ्या खांद्यावर घालणार होतो.”

पान तोंडात, भोवळ डोक्यात आणि हातात तो चुरगळलेला मान घेऊन मी बसलो होतो. काठावर विणलेली लाल फुले होती. पानाचा एक लाल डाग त्यांच्या शेजारी पडला होता.

पडदा बाजूला झाला. डोक्यावरून पदर घेतलेली, खाली पाहणारी एक प्रौढ बाई बाहेर आली आणि माझ्यापासून चार हातांवर उभी राहिली. तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत प्रथमच पाहत होतो.

“पुसू द्या त्यांना,” ती दत्तूला म्हणाली. मग मान तशीच खाली ठेवून, पण मला म्हणाली, “गा म्हणजे अंग. मोसा म्हणजे पुसणं. त्याचं नावच ते आहे.”

तिने पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवला. दत्तूला दार उघडून वारा येऊ देण्यास सांगितले. पुन्हा पडद्याआड जाण्याची घाई तिने केली नाही. मी चूळ भरली. काहीतरी बोलणे प्राप्त होते.

“खार चांगला झाला होता,” मी म्हणालो.

“उरलाय,” ती म्हणाली. “डब्यात देऊ? ताईंसाठी?”

“दे.”

दत्तू दाराकडे तोंड करून उभा होता. त्याने मागे न पाहताच विचारले, “मंगळवारी स्टेशनवर येशील?”

“गाडी कोणत्या फलाटावरून सुटते ते नीट सांग. गणूबरोबर निरोप पाठवू नकोस.”

सुपारी उतरेपर्यंत त्यांनी मला निजवले. ऊन कलल्यावर निघालो. दत्तू तबेल्यापर्यंत सोडायला आला आणि म्हशींपाशी त्याने वाकून नमस्कार केला. रस्त्यात हे बरे दिसत नाही असे मी त्यास सांगितले.

मुलुंडला पोचलो तेव्हा घरात दिवा लागला होता. मंडळींनी आधी खिसा पाहिला.

“दिलीत?”

“दिली.”

“आणि बोललात काय?”

“खार चांगला झाला होता म्हणालो.”

“खार?” त्यांनी डबा उघडला, बोट बुडवून चाखले आणि माझ्याकडे पाहिले. “पापडाची लाटी.”

“माशाला आमसुलेही चांगली होती,” मी म्हणालो. “मुलुंडची.”

त्या डबा घेऊन आत गेल्या. थोड्या वेळाने आतून भांड्यांचा आवाज जरुरीपेक्षा जास्त येऊ लागला.

ज्यांना आसामी जेवण कोठे मिळते हे हवे होते, त्यांच्यापुढे मी वर सर्व मांडले आहे. मंगळवारनंतर वाकोल्यास ते मिळणार नाही. एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो. मी खारला उतरलो नसतो, तर खार घरच्या माणसाला देतात हे मला कळले नसते. ताटात राखेचे पाणी आले असते तेव्हा मी हात मागे घेतला असता. मोजणीत चूक निघाली की पहिल्या खुणेपाशी जाऊन साखळी पुन्हा टाकावी लागते. ते काम कंटाळवाणे असते, पण त्याला दुसरा इलाज नाही.

गामोसा मंगळवारी स्टेशनवर खांद्यावर असला पाहिजे. म्हणून निजण्यापूर्वी मोरीत बसून मी तो स्वतः धुतला. रंग जाऊ नये म्हणून पाणी गार घेतले. डागाला साबण लावून हलक्या हाताने चोळले. डाग बराचसा निघाला. मग तो झटकून गॅलरीतील दोरीवर घातला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही टोकांना चिमटे लावले.